बेसल ५२ युनिट, सकाळची शुगर छान, तरी एचबीए१सी ८.७. आता जेवणाचंही इन्सुलिन?

वहीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

वय ५८, वजन ८४ किलो, टाइप २ मधुमेहाला अकरा वर्षं झाली. गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दोन वर्षांपूर्वी रात्रीचं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर संथ चालणारं बेसल इन्सुलिन, सुरू झालं, १० युनिटपासून. "सकाळची शुगर १३० च्या वर राहिली तर दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवा" असं सांगितलं होतं. मी इमानेइतबारे वाढवत गेलो. आज ५२ वर आहे. उपाशीपोटी १०० ते ११२ येते, बघून बरं वाटतं. पण ३४ युनिटवर होतो तेव्हा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.९ होतं, आता ५२ वर ८.७. अठरा युनिट आणि चार किलो वजन वाढवून घेऊन दोन दशांशांची कमाई.

परवा डॉक्टर म्हणाले, आता जेवणाआधीचं वेगळं इन्सुलिन जोडू. मी "विचार करून सांगतो" म्हणून उठलो आणि बाहेर येऊन गाडीत दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. आणखी एक पेन, आणखी सुया. ही शेवटची पायरी असते का? आणि भीती अशी की गेल्या महिन्यात दोनदा रात्री घामाने निथळत जाग आली. शुगर एकदा ५८, एकदा ६१, म्हणजे लो. आधीच लो होतंय, तर त्यात भर कशाला?

जीएलपी-१ चं (भूक आणि शुगर कमी करणारं) इंजेक्शन मागे घेऊन झालंय. दोन महिने उलट्या झाल्या, बंद केलं. तो पर्याय सुचवू नये.

रिकामा रकाना

एकदा इन्सुलिन अंगवळणी पडलं की सुटत नाही. आधी एक, मग दोन, मग चार. शरीराला सवय लागते. आमच्या ओळखीत एकाने सगळं बंद करून नुसत्या आहारावर शुगर आणली. बघा बुवा.

माजी सिस्टर

रिकामा रकाना, "सवय लागते" हे वाक्य मी वॉर्डात तीस वर्षं ऐकलं. इन्सुलिन हे व्यसन नाही, शरीर स्वतः बनवतं तेच संप्रेरक आहे. शुगर खूप चढलेली असताना काही जणांना ते थोडे दिवस देतात आणि नंतर बंदही करतात. डोस वाढतो तो स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दमत जातात म्हणून. ब्रिटनमधल्या युकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. त्यातल्या गणितानुसार निदान होतं त्या दिवशीच या पेशींचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असतं. त्यात पेशंटचा काय गुन्हा?

वहीवाला, तुम्हाला एकच प्रश्न. सुई कुठे टोचता?

वहीवाला

पोटावर. बेंबीच्या डावीकडे, चार बोटं सोडून. तिथे दुखत नाही. दोन वर्षं तीच जागा.

माजी सिस्टर

वाटलंच. आज रात्री टोचण्याआधी एक करा. आडवे पडा, पोट सैल सोडा, बोटांची टोकं त्या जागेवरून सावकाश फिरवा. मग उजवीकडे त्याच जागी फिरवा. फरक लागतो का ते सांगा. नुसतं बघून कळत नाही, बोटांना कळतं.

गणितवेडी

मी डॉक्टर नाही, पण आकड्यांवर बोलू शकते. ५२ भागिले ८४ म्हणजे किलोमागे ०.६ युनिटच्या वर. बेसल किलोमागे ०.५ च्या पुढे गेलं की थांबून विचार करा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दुसरी खूण म्हणजे झोपतानाची आणि सकाळची शुगर यांतला फरक. रात्रीतून ५० किंवा जास्त उतरत असेल तर बेसल आपलं काम सोडून दुसऱ्याचं करतंय. तुमची झोपतानाची किती असते?

वहीवाला

झोपताना कधी बघितलीच नाही! कायम सकाळचीच.

डॉ. गप्पिष्ट

गणितवेडी यांनी माझं अर्धं काम केलं. (मी फिजिशियन आहे. इथलं वाचून कोणी परस्पर डोस बदलू नये, हे एकदाच सांगून ठेवतो.)

एचबीए१सी ८.७ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण २००. तुमची सकाळ १०५ ची. मग सरासरी २०० यायला दिवसभरात कुठेतरी ती २०० च्या बरीच वर असायला हवी ना? तुम्ही ज्या वेळी मोजता, नेमकी तीच वेळ चांगली आहे. घराचा पुढचा दरवाजा रोज तपासायचा आणि चोर मागच्या दाराने, तशातली गत.

बेसलचं काम एवढंच की तुम्ही जेवत नसताना यकृत जी साखर रक्तात सोडत असतं तिला आवर घालायचा. जेवणानंतर चढणारी साखर अडवणं त्याच्याकडून होत नाही. आपण मात्र तेच वाढवत नेतो, कारण एक पेन, एक वेळ, एक आकडा. सोपं पडतं. पेशंटला आणि खरं सांगू का, आम्हालाही. मग रात्री जेवणानंतरची २२० घेऊन झोपलेला माणूस त्या जादा बेसलमुळे सकाळी १०५ वर उतरतो. एखाद्या दिवशी तो २२० ऐवजी १५० वर झोपला तर पहाटे तीनला काय होईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणजे तुमच्या रात्रीच्या लोचं कारण बहुधा बेसलच असावं. जेवणाचं इन्सुलिन जोडताना बेसल कमी करता येतं. "आधीच लो होतंय त्यात भर कशाला" याचं उत्तर यात आहे.

एक काम करा. तीन दिवस, दिवसातून सात वेळा मोजा. तिन्ही जेवणांआधी, तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी आणि झोपताना. एकदा गजर लावून पहाटे तीनलाही. ते आकडे इथे टाका आणि तोच कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आडवाटेचा पांथस्थ

वाचतोय. माझंही सेम. बेसल ४४, सकाळ मस्त, एचबीए१सी ८.४.

लेक

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. माझे बाबा ८१ वर्षांचे. दिवसाला चार इंजेक्शनं होती. नवीन डॉक्टरांनी ती कमी करून एकावर आणली आणि म्हणाले एचबीए१सी ८ च्या आसपास चालेल. आम्ही घाबरलो, म्हातारा माणूस म्हणून सोडून दिलं की काय. इथे तर सगळे वाढवायच्या गोष्टी करताहेत.

डॉ. गप्पिष्ट

लेक, सोडून दिलेलं नाही, उलट नीट बघितलंय. २००८ मध्ये अॅकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीतला कडक शुगर-नियंत्रणाचा भाग मुदतीआधी थांबवावा लागला होता. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले दहा हजारांवर मधुमेही त्यात होते. एका गटाचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा चंग बांधला, दुसऱ्याचं ७ ते ७.९ मध्ये ठेवलं. कडक गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. का, यावर अजून वाद आहेत. पण तेव्हापासून सगळ्यांना एकच आकडा लावणं मागे पडलं. तरुण, धडधाकट, नुकतं निदान झालेला असेल तर ७ च्या खाली जरूर आणावं. वय झालेलं, मूत्रपिंड थकलेलं, विसरभोळेपणा आलेला, एकटं राहणारं माणूस असेल तर लो न होणं हेच पहिलं ध्येय. मूत्रपिंडाचं काम कमी झालं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, पूर्वीचाच डोस अचानक जड होतो. बाबांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) बघितली असेल त्यांनी.

लेक

हो, तीन महिन्यांपूर्वी वाढलेली होती. कोणी असं जोडून सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

वहीवाला

सिस्टर, बोटं फिरवली.

उजवीकडे मऊ. डावीकडे, त्याच जागी, कातडीखाली जाड रबरासारखं काहीतरी. लिंबाएवढं म्हणावं तर चपटं. बायकोला हात लावायला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, हे कधीपासून आहे?" मला माहीतच नव्हतं. आणि तिथे सुई दुखत नाही हेही खरं. भीतीदायक आहे का?

आणखी एक. ५८ आणि ६१ आलेल्या त्या दोन रात्री मी वहीत शोधल्या. वहीत डोस असतो, जागा नसते. पण एक रात्र पक्की आठवते. प्रवासात होतो, अंथरुणात बसल्या बसल्या मांडीत टोचलं होतं.

माजी सिस्टर

झालं, सापडलं. त्याला लिपोहायपरट्रॉफी म्हणतात. एकाच जागी रोज इन्सुलिन गेलं की तिथली चरबी फुगून कडक होते. कॅन्सर वगैरे काही नाही, घाबरू नका. दुखत नाही कारण तिथली जाणीव बोथट होते, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठ वाढत राहते.

अडचण अशी की त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. आज निम्मं, उद्या पाऊण. तुमचे ५२ युनिट ५२ नव्हतेच कधी. मांडीत टोचलंत त्या रात्री मात्र पुरेपूर ५२ गेले!

आता नीट ऐका. हे वाचून आजच नव्या जागी पूर्ण ५२ टोचू नका. चांगल्या जागी गेल्यावर डोस कमी लागतो, तो किती कमी करायचा हे डॉक्टरांना विचारूनच. मग जागा बदलत राहा. पोटाचे चार भाग पाडा, आठवड्याला एक. रोजची टोच आदल्या टोचेपासून बोटभर लांब. गाठीला हात लावायचा नाही. ती आपोआप उतरते, पण महिने लागतात. ४ मिलिमीटरची सुई सरळ उभी, बटण पूर्ण दाबून मनात दहा मोजा, मग काढा. आणि सुई दर वेळी नवी. बोथट सुईनेही या गाठी होतात.

ज्यांच्याकडे पेन नसून बाटली आणि सिरिंज आहे त्यांनी बाटलीवर ४० लिहिलंय की १००, ते सिरिंजशी जुळवून बघा. यात गल्लत झाली तर डोस अडीचपट जास्त किंवा अडीचपट कमी. मी पाहिलेले सगळ्यात वाईट लो याच गल्लतीचे.

गणितवेडी

सिस्टर, तुमच्यापुढे हात जोडले. मी ०.६ घेऊन बसले होते आणि त्यातला अंशच खोटा निघाला.

तिसरी घंटा

मग जेवणाच्या इन्सुलिनची गरजच नाही ना? गाठ सोडली की बेसलच काम करेल.

डॉ. गप्पिष्ट

काहींच्या बाबतीत तसंही होतं. म्हणून डोस वाढवण्याआधी पोट चाचपावं, हे मीही आजपासून जास्त मनावर घेणार आहे. पण वहीवाला यांची सात वेळांची शुगर आल्याशिवाय बोलणं बरोबर नाही.

वहीवाला

घ्या. तीन दिवसांचे आकडे थोडेफार सारखेच, म्हणून मधला दिवस देतो.

सकाळी उपाशी १०६, नाश्त्यानंतर १७८. दुपारी जेवणाआधी १५१, नंतर २६२. रात्री जेवणाआधी १८८, नंतर २४१. झोपताना २२४. पहाटे तीनला १३९.

२६२ बघून मी मीटर बदलून परत मोजलं. २५८.

गणितवेडी

२२४ वरून १०६. रात्रीतून ११८ ची घसरण. आणि दुपारच्या जेवणाने एकटीने १११ ची चढण. चित्र इतकं स्वच्छ क्वचित मिळतं.

डॉ. गप्पिष्ट

हो. आणि म्हणून तिसरी घंटा, इथे दोन्ही गोष्टी आहेत, गाठही आणि जेवणानंतरची चढणही.

जेवणाचं इन्सुलिन म्हणजे लगेच तीन-चार टोचण्या असं नसतं. पद्धत अशी की सगळ्यात जास्त चढण ज्या जेवणाला, तिथे एकच टोचणी, ४ युनिटने किंवा बेसलच्या दहा टक्क्यांनी सुरुवात. मग आकडे बघत एक-दोन युनिट वाढवायचे. गरज पडली तर काही आठवड्यांनी दुसरं जेवण. ऑक्सफर्डच्या फोर-टी अभ्यासात ७०८ लोकांना गोळ्यांसोबत तीन वेगवेगळ्या प्रकारे इन्सुलिन सुरू केलं होतं, कोणाला बेसल, कोणाला जेवणाचं, कोणाला मिश्र. तीन वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत बहुतेकांना दुसऱ्या प्रकारचं इन्सुलिन जोडावं लागलेलं. म्हणजे तुम्ही कुठे कमी पडलात असं नाही. वाटच तशी आहे.

ग्लिमेपिराइडचं डॉक्टरांना आठवणीने विचारा. ती गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते. जेवणाचं इन्सुलिन जोडल्यावर ती चालू ठेवली तर लोचा धोका वाढतो, बहुधा बंद करतील. मेटफॉर्मिन चालूच राहील.

जीएलपी-१ तुम्ही वगळलंत म्हणून बोललो नव्हतो. इतरांसाठी सांगतो, ते सोसत असेल तर जेवणाच्या इन्सुलिनआधी साधारण तेच बघतात. वजन वाढत नाही आणि लोही कमी.

आडवाटेचा पांथस्थ

मिश्र इन्सुलिनचं काय? दिवसातून दोनदा, एकच पेन. मला ते सोपं वाटतं.

माजी सिस्टर

सोपं आहे, पण मग जेवणाच्या वेळा तुमच्या नसतात, पेनाच्या असतात. ३०/७० मध्ये दोन्ही इन्सुलिन ठरलेल्या प्रमाणात असतात, एक वाढवलं की दुसरंही वाढतं. घड्याळ लावून जेवणाऱ्याला ठीक. तुमचं जेवण कधी एकला, कधी साडेतीनला असेल तर नको. आणि ते गढूळ असतं, टोचण्याआधी पेन तळहातांत घोळवून एकसारखं दुधाळ करून घ्यावं लागतं. निम्मे लोक हे विसरतात.

रिकामा रकाना

आहारावर कोणीच बोलत नाही. कर्बोदकं तोडा, इन्सुलिन आपोआप कमी होईल.

डॉ. गप्पिष्ट

यात तथ्य आहे, आणि म्हणूनच धोका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाने डोस तसाच ठेवून कर्बोदकं एकदम तोडली तर तो लो होणारच. आधी फोन, मग डोस, मग ताट, हा क्रम. आणि जे फ्लोझिन गटातल्या गोळ्यांवर आहेत, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, त्यांनी तर डॉक्टरांना न विचारता असलं काही करू नये. त्यात शुगर फारशी चढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार, होऊ शकतो. मळमळ, धाप, मीटरवर १८०, आणि सगळ्यांना वाटतं पित्त झालंय.

कडक इस्त्री

वय ४४, वजन ५६ किलो, टाइप २ म्हणून तीन वर्षं उपचार. गोळ्या एकामागून एक निकामी, शुगर कधी ८० कधी ३५०. मला पण वाढवत न्यायचंय का?

डॉ. गप्पिष्ट

कडक इस्त्री, तुमच्यासाठी वेगळा सल्ला. गॅड अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उठलंय का) आणि सी-पेप्टाइड (स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय) या तपासण्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. लवकर. बारीक अंग, गोळ्या लवकर निकामी होणं आणि असे हेलकावे असतील तर हा टाइप २ आहे का, इथूनच पुन्हा सुरुवात करावी लागते.

वहीवाला

सात आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढतो, माफ करा.

डॉक्टरांना कागद दाखवला, पोटही दाखवलं. त्यांनी बोटं फिरवली आणि दोन क्षण काहीच बोलले नाहीत. बेसल ५२ वरून ४२ केलं, नव्या जागी. दुपारी जेवणाआधी अॅस्पार्ट, म्हणजे जेवणाचं जलद इन्सुलिन, ४ युनिट. ग्लिमेपिराइड बंद. पाचव्या आठवड्यात रात्रीच्या जेवणालाही जोडलं. आज बेसल ३८, दुपारी ९, रात्री ५. बेरीज करून बघा. ५२! तितकेच युनिट, फक्त वाटणी बदलली.

दुपारच्या जेवणानंतरची १६० ते १८५. झोपताना १५० ते १६५, सकाळी ११० ते १२५. सकाळ पूर्वीपेक्षा जरा वर आहे आणि त्याचं मला काही वाटेनासं झालंय, हे विशेष. रात्रीचा घाम एकदाही नाही. एचबीए१सी पुढच्या महिन्यात करायचंय, सात आठवड्यांचं अर्धवट बघू नका म्हणाले. डोळे मात्र तपासून घ्यायला लावले. शुगर भराभर उतरली तर पडद्यावरचा जुना दोष काही काळ वाढू शकतो म्हणे.

एक घोटाळा केला. दुपारी ९ युनिट टोचले, ताट वाढलेलं, आणि फोन आला. बोलत बसलो. चाळीस मिनिटांनी हात थरथरायला लागला आणि समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायला लागलं. ६४. पंधरा ग्रॅम ग्लुकोज घेतलं, पंधरा मिनिटांनी ८८, मग जेवलो. आता टोचण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत.

माजी सिस्टर

शाबास. ताट समोर आल्यावरच पेन हातात घ्यायचं, हेही त्याला जोडा. गाठ कशी आहे?

वहीवाला

आहे अजून. कडा थोड्या मऊ लागतात, की मला तसं वाटतंय कुणास ठाऊक. बायकोने तिच्याभोवती मार्करने गोल काढून ठेवलाय, त्याच्या आत सुई न्यायची नाही. आंघोळीने पुसट झाला की ती रविवारी परत काढते. मागच्या रविवारी म्हणाली, या खेपेला गोल जरा लहान आला.

आडवाटेचा पांथस्थ

हे वाचून काल रात्री मीही आडवा पडून बोटं फिरवली. दोन आहेत. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली.